डोळे बिटवर, बोट बटणावर: घरगुती सीएनसीला कीपॅड जोडताना

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर कापणाऱ्या यंत्रावर, लाकडाच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर बिटचे (फिरत्या पात्याचे) टोक नेमके आणून ठेवायचे असते, तेव्हा नजर त्या टोकावरून हलू नये अशी कामाची गरज असते. प्रत्यक्षात मात्र दर दोन सेकंदांनी मान वळवून, पडद्यावर माउसचा बाण कोणत्या चौकोनावर आहे हे पाहावे लागते आणि तेवढ्यात ‘खाली’ ऐवजी ‘डावीकडे’ दाबले जाते. प्रोग्रॅमेबल कीपॅड, म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटणाला हवे ते काम नेमता येते असा कीपॅड, घ्यायचा तो हा मानेचा हेलपाटा वाचवण्यासाठी. काम झटपट व्हावे म्हणून तो घेतला तर निराशा होईल. काम नीट व्हावे म्हणून घेतला तर त्याची किंमत पहिल्या आठवड्यातच वसूल होते.

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात ज्या खोलीत वडिलांचे दोन यंत्रमाग होते, त्या खोलीत आता ३०१८ या नावाने मिळणारा छोटा सीएनसी राउटर आहे. नावाप्रमाणे त्याच्या पाटाचा आकार साधारण ३० गुणिले १८ सेंटिमीटर. त्यावर मी दारावरच्या पाट्या, लाकडी ठसे आणि अॅक्रिलिकची अक्षरे कापतो. वडिलांनी आयुष्यभर जॅकार्डवर चादरी विणल्या. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून मागाला नक्षी सांगण्याची ही रीत जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिओं शहरात बसवली, आणि १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे पहिले संख्यानियंत्रित मिलिंग यंत्र दाखवले गेले तेही छिद्रांच्या पट्टीवरच चालत होते. त्यामुळे आकड्यांवर चालणारे यंत्र पाहून वडिलांना फारसे नवल वाटले नाही. त्यांनी एकच विचारले, “ह्याला बंद करायचं हँडल कुठाय?”

चालत्या मागापुढे उभ्या असलेल्या विणकराची नजर सुतावर असते आणि धागा तुटला की हात न बघता हँडलवर जातो. कीपॅडची मांडणी करताना मी हाच प्रश्न समोर ठेवला आणि तसाच तो वाचकांनीही ठेवावा असे सुचवतो. न बघता कोणते बटण सापडले पाहिजे आणि चुकून दाबले गेले तर काय बिघडेल, या दोन गोष्टी प्रत्येक बटणाबाबत विचारायच्या आहेत. बाकीचा सगळा तपशील त्यांच्या पाठोपाठ येतो.

कीपॅडची निवड

बारा बटणे आणि एखादा गोल नॉब असलेला तयार कीपॅड ऑनलाइन सहज मिळतो. घेताना तो क्यूएमके या फर्मवेअरवर (कीपॅडच्या चिपमधल्या प्रोग्रॅमवर) चालतो का आणि व्हिया या प्रोग्रॅमने बदलता येतो का, हे पाहावे. अशा कीपॅडमध्ये बटणांची नेमणूक कीपॅडच्या स्वतःच्या स्मृतीत साठते, त्यामुळे तो दुसऱ्या लॅपटॉपला लावला तरी तसाच वागतो. काही स्वस्त कीपॅड आपल्याच विंडोज प्रोग्रॅमशिवाय बदलता येत नाहीत. त्यांनी काम चालते, पण पुढे सांगितलेली थरांची (त्याच बटणांना दुसरी कामे देण्याची) सोय त्यांत बहुधा अपुरी पडते.

स्वतः बनवायचा असेल तर प्रो मायक्रो हा ३२यू४ चिपचा बोर्ड किंवा रास्पबेरी पाय पिको घ्यावा. ड्रॉवरमध्ये पडलेला आर्डुइनो उनो इथे थेट उपयोगी नाही, कारण त्याच्या मुख्य चिपमध्ये यूएसबी नाही आणि संगणकाला तो कीबोर्ड म्हणून ओळख देऊ शकत नाही. बारा बटणांसाठी डायोड लावून जाळी बनवण्याच्या फंदातही पडू नये. प्रो मायक्रोवर अठरा पिना मोकळ्या असतात. प्रत्येक बटणाची एक तार पिनेला आणि दुसरी ग्राउंडला जोडली की झाले. नॉबला दोन पिना आणि त्याच्या दाबाला एक, तरी तीन उरतातच.

बटणांची पट्टी आपल्याच यंत्रावर कापण्याचा मोह होतो आणि तो आवरू नये. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचला १४ मिलिमीटर बाजूचे चौकोनी छिद्र लागते आणि दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर १९.०५ मिलिमीटर असते. स्विचची खाच १.५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीसाठी बनवलेली असते, म्हणून ३ मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये ती बसत नाही. तिथे मागून गरम गोंदाचा ठिपका द्यावा लागतो. दुसरी अडचण कोपऱ्यांची. २ मिलिमीटरच्या बिटने आतला कोपरा कापला की तिथे १ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते आणि स्विच तिथे अडतो, त्यामुळे आरेखनातच प्रत्येक कोपऱ्यात बिट थोडा बाहेर नेऊन खाच काढावी किंवा नंतर बारीक कानस मारावी. आधी एकच छिद्र भंगारातल्या तुकड्यावर कापून त्यात स्विच दाबून पाहावा. माझे पहिले छिद्र १३.८ भरले होते.

कीपॅड नेमके कोणाशी बोलतो

या बाबतीत नवशिक्यांचा हमखास घोळ होतो. यूएसबी कीपॅड सीएनसीशी बोलत नाही. तो संगणकाशी कीबोर्ड म्हणून बोलतो. संगणकावर यूजीएस, जीसेंडर, कँडल यांपैकी एखादा सेंडर चालू असतो, तो त्या बटणाचा अर्थ लावतो आणि मग यंत्राच्या कंट्रोलरला आज्ञा पाठवतो. आमच्यासारख्या छोट्या यंत्रांच्या कंट्रोलरवर बहुधा जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर असते. म्हणजे बोट आणि मोटर यांच्यामध्ये कीपॅड, यूएसबी, संगणकाची कार्यप्रणाली, सेंडर, पुन्हा यूएसबी आणि जीआरबीएल एवढी साखळी आहे. यातील कोणतीही कडी क्षणभर थांबली तर बोटाचा निरोप पोहोचत नाही. थांबवण्याच्या बटणाविषयी पुढे जे लिहिले आहे ते या साखळीमुळेच.

दुसरा परिणाम असा की सेंडरची खिडकी पुढे नसेल तर बटणाचा दाब तिसऱ्याच प्रोग्रॅमला जातो. मी सुरुवातीला कीपॅडवर साधे बाण ठेवले होते. एकदा सेंडरमध्येच, पण वेग लिहिण्याच्या चौकटीत कर्सर राहिला होता. बिट मागे न्यायला वरचा बाण दाबला, यंत्र हलले नाही, म्हणून आणखी चार-पाचदा दाबला. त्या प्रत्येक दाबाने चौकटीतला वेगाचा आकडा मात्र वाढत गेला होता. मग खिडकीच्या मोकळ्या भागात क्लिक करून पुन्हा बाण दाबला, तेव्हा यंत्र अपेक्षेपेक्षा दुप्पट वेगाने क्लॅम्पच्या दिशेने निघाले आणि ३.१७५ मिलिमीटर दांड्याचा नवा कोरा बिट क्लॅम्पवर आपटून तुटला.

त्यावर उपाय म्हणजे कोणीही रोजच्या कामात वापरत नाही अशी बटणे कीपॅडवर ठेवणे. कीबोर्डच्या मानकात एफ१३ ते एफ२४ अशी बारा बटणे आहेत, जी हल्लीच्या कीबोर्डवर छापलेली नसतात, पण संगणक ती ओळखतो. ती लेखनाच्या चौकटीत गेली तर काहीच उमटत नाही. विंडोजवर हा उपाय चोख चालतो. लिनक्सवर यांपैकी काही बटणांना आवाज, टचपॅड असे वेगळेच अर्थ दिलेले आढळतात. तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरून एखादे अक्षर, अशी जोडणी वापरावी. यूजीएसमध्ये टूल्स मेनूतील ऑप्शन्समध्ये कीमॅप नावाचा भाग आहे आणि जीसेंडरमध्ये शॉर्टकटचे स्वतंत्र पान आहे. तिथे प्रत्येक क्रियेसमोर कीपॅडचे बटण एकदा दाबून नोंदवायचे. मूळचे बाणांचे शॉर्टकट त्याच बैठकीत काढून टाकावेत, नाहीतर वरची गोष्ट पुन्हा घडायला वाट मोकळी राहते.

बारा बटणांची मांडणी

माझा कीपॅड तीन स्तंभ आणि चार ओळींचा आहे. सगळ्यात वरच्या ओळीत डावीकडे ‘होल्ड’, उजवीकडे ‘पुढे चालू’ आणि मधले बटण रिकामे. रिकामे म्हणजे त्याला काहीही नेमलेले नाही आणि त्याची टोपीही काढून ठेवली आहे. बारांतील एक बटण वाया गेले असे पाहणाऱ्याला वाटते, पण थांबवणे आणि चालू करणे या दोन विरुद्ध क्रिया शेजारी असू नयेत यासाठी हा खड्डा आहे. होल्डच्या टोपीवर गोंदाचा एक टपोरा थेंब सुकवून ठेवला आहे, तो अंगठ्याला न बघता कळतो.

खालच्या तीन ओळींचा चौकोन म्हणजे हालचाल. मधल्या स्तंभात वर वाय अधिक, खाली वाय उणे. मधल्या ओळीत डावीकडे एक्स उणे, उजवीकडे एक्स अधिक. उजव्या स्तंभात वरच्या कोपऱ्यात झेड वर आणि खालच्या कोपऱ्यात झेड खाली. मध्यभागी पावलाचा आकार बदलण्याचे बटण. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ‘झेड सुरक्षित उंचीवर’ आणि खालच्या कोपऱ्यात थर बदलण्याचे बटण.

दिशांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. ३०१८ मध्ये वाय अक्षावर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) हलत नाही, पाट हलतो. वाय अधिक दाबले की पाट आपल्याकडे सरकतो आणि नवख्या माणसाला दिशा उलटी जोडली गेली असे वाटून तो सेटिंग फिरवतो. दिशा नेहमी कामाच्या तुकड्याच्या संदर्भात बिट कुठे जातो यावरून वाचायची असते. पाट आपल्याकडे आला म्हणजे तुकड्यावर बिट आपल्यापासून दूर गेला, म्हणून वाय अधिक बरोबरच आहे. सेटिंग फिरवले तर कापलेली अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येतात आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात रविवार जातो.

हालचालीचे दोन प्रकार असतात. बटण धरून ठेवले तोवर चालत राहणे हा एक आणि प्रत्येक दाबाला ठरावीक पाऊल टाकणे हा दुसरा. लांबच्या प्रवासाला पहिला सोयीचा, पण कोपऱ्याजवळ तो टाळावा. मिनिटाला १००० मिलिमीटर या वेगाने यंत्र सेकंदाला जवळपास १६.७ मिलिमीटर चालते, म्हणजे बोट उचलल्याचा निरोप पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला तरी बिट पावणेदोन मिलिमीटर पुढे गेलेला असतो. शिवाय बोट उचलल्याची नोंद वाटेत हरवली तर यंत्र चालतच राहते. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत हालचाल रद्द करण्याची स्वतंत्र आज्ञा आहे आणि चांगले सेंडर बोट उचलताच ती पाठवतात, परंतु ती पाठवायला आधी बोट उचलल्याचे कळावे लागते. म्हणून जवळच्या कामासाठी १, ०.१ आणि ०.०१ मिलिमीटर ही पावले पुरेशी आहेत. १० मिलिमीटरचे पाऊल एक्स आणि वायपुरते ठेवावे. झेडला ते कदापि देऊ नये. बहुतेक सेंडरमध्ये झेडचे पाऊल वेगळे ठरवता येते, ती सोय जरूर वापरावी.

लिमिट स्विच असलेल्या यंत्रांत होमिंग करून (यंत्र त्या स्विचपर्यंत नेऊन त्याला मूळ जागा ओळखायला लावून) सॉफ्ट लिमिट, म्हणजे प्रोग्रॅममधली हद्द, चालू केली, तर पाटाच्या बाहेर नेणारी जॉग (हाताने हलवण्याची) आज्ञा जीआरबीएल नाकारतो आणि यंत्र जागचे हलत नाही. स्वस्त ३०१८ मध्ये पुष्कळदा हे स्विच नसतात. तिथे यंत्राला आपली हद्द ठाऊकच नसते, टोकाला आपटून मोटर कुरकुरते आणि पडद्यावरचा आकडा मात्र पुढे जात राहतो. तो आवाज आला की मोजमाप गेले असे समजावे आणि शून्य (मोजणी जिथून सुरू होते ती जागा) नव्याने ठरवावे.

दुसरा थर आणि शून्याच्या आज्ञा

शून्य ठरवणे, होमिंग, प्रोब (बिट चकतीला टेकवून उंची मोजणे) या क्रिया पहिल्या थरात ठेवू नयेत. कापकाम चालू असताना चुकून शून्य बदलले तर अख्खा तुकडा वाया जातो. क्यूएमकेमध्ये थर बदलण्याचे दोन मार्ग आहेत: एकात बटण धरलेले असेपर्यंतच दुसरा थर चालू राहतो, दुसऱ्यात एकदा दाबले की तो तसाच राहतो. इथे पहिलाच घ्यावा. आपण कोणत्या थरात आहोत हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी डोक्यावर टाकली की एक दिवस ती निसटते. डाव्या अंगठ्याने बटण धरले आहे हे मात्र शरीराला आपोआप माहीत असते. होल्डचे बटण दोन्ही थरांत तेच राहिले पाहिजे, हे आवर्जून तपासावे.

माझ्या दुसऱ्या थरात मधले बटण एक्स आणि वायचे शून्य ठरवते, झेड खालीचे बटण प्रोब करते आणि डावीकडचे वरचे बटण होमिंग. होमिंगला मी आणखी एक अट घातली आहे: बटण पाऊण सेकंद धरले तरच ते लागू होते. क्यूएमकेत ‘टॅप की होल्ड’ हे ठरवण्याची मूळ मुदत २०० मिलिसेकंद असते. ती वाढवता येते.

या क्रिया सेंडरमध्ये मॅक्रो (एकत्र साठवलेल्या आज्ञा) म्हणून लिहून ठेवायच्या आणि कीमॅपमधून त्यांना बटण द्यायचे. इथे मी आज्ञा देवनागरीत लिहीत आहे, संगणकात त्या अर्थातच रोमन अक्षरांत जातील. एक्स-वायच्या शून्यासाठी ‘जी१० एल२० पी१ एक्स० वाय०’ ही ओळ वापरावी. पुष्कळ जुन्या मार्गदर्शनात ‘जी९२’ सुचवलेले असते, पण ते तात्पुरते असते आणि कंट्रोलर रीसेट झाला की पुसले जाते. ‘जी१०’ ने ठरवलेले शून्य कंट्रोलरच्या कायम स्मृतीत लिहिले जाते, त्यामुळे दुपारी अर्धवट राहिलेले काम संध्याकाळी होमिंग करून तिथूनच उचलता येते.

प्रोबचा मॅक्रो थोडा लांब आहे. प्रथम ‘जी२१ जी९१’ म्हणजे मिलिमीटर आणि सापेक्ष (आहे त्या जागेपासूनची) मोजणी, मग ‘जी३८.२ झेड-२० एफ५०’, ज्याने बिट मिनिटाला ५० मिलिमीटरच्या सावकाश वेगाने, तुकड्यावर ठेवलेल्या धातूच्या चकतीला टेकेपर्यंत, जास्तीत जास्त २० मिलिमीटर खाली जातो. मग ‘जी१० एल२० पी१ झेड’ आणि त्यापुढे चकतीची व्हर्नियरने मोजलेली जाडी. मग ‘जी० झेड५’ ने बिट वर. आणि शेवटी ‘जी९०’. ही शेवटची ओळ विसरली तर यंत्र सापेक्ष मोजणीतच राहते आणि पुढचा हाताने दिलेला हुकूम भलतीकडे नेतो. प्रोब करण्यापूर्वी दर वेळी चकती हाताने बिटला टेकवून पडद्यावर प्रोबची खूण उमटते का ते पाहावे. तार सुटलेली असेल तर बिट चकतीला टेकूनही थांबत नाही, दाबत खाली जातो, आणि २० मिलिमीटर संपल्यावर मिळणारा अलार्म तोवर निरुपयोगी असतो.

नॉब असल्यास त्याला कापण्याच्या वेगाचे प्रमाण द्यावे. जीआरबीएल चालू कामात हे प्रमाण १० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत बदलू देते आणि नॉब दाबला की १०० टक्क्यांवर परत, अशी योजना सोयीची पडते. एमडीएफ (लाकडी तंतूंची दाबलेली फळी) कापताना बिटचा आवाज किरकिरा झाला की कानावर विश्वास ठेवून नॉब दोन घरे मागे फिरवणे, हा या कीपॅडचा मला सर्वात आवडता उपयोग आहे.

थांबवण्याची तीन बटणे

होल्ड, रीसेट आणि आणीबाणीचा लाल स्विच या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

होल्डची आज्ञा मिळताच जीआरबीएल मोटरींचा वेग क्रमाने कमी करून थांबतो; जागेची नोंद शाबूत राहते आणि काम तिथूनच पुढे नेता येते. मात्र स्पिंडल फिरतच राहते. थांबले आहे असे समजून बिटजवळ हात नेऊ नये. काही सेंडरमध्ये ‘पॉज’ म्हणजे पुढच्या ओळी पाठवणे थांबवणे एवढेच असते. जीआरबीएलच्या रांगेत आधीच पोहोचलेल्या पंधराएक ओळी त्यानंतरही चालत राहतात. आपला सेंडर नेमके काय करतो, हे बिट न लावता एकदा करून पाहावे.

रीसेट स्पिंडलही थांबवतो, परंतु चालत्या मोटरी अचानक थांबल्याने पावले हुकतात आणि जागेची नोंद विश्वासाची राहत नाही. शक्य असेल तेव्हा आधी होल्ड, यंत्र थांबले की मग रीसेट, हा क्रम ठेवावा.

या दोन्ही आज्ञा वर सांगितलेल्या लांब साखळीतून जातात, म्हणून कीपॅडवरचे कोणतेही बटण आणीबाणीचे बटण ठरत नाही. भूछत्रासारखा लाल दाबाचा, दाबल्यावर अडकून राहणारा आणि एरवी जोडलेला राहणारा स्विच अॅडॅप्टर आणि कंट्रोलर बोर्ड यांच्यामधील २४ व्होल्टच्या तारेत घालावा. त्याच्यावर लिहिलेली डीसी प्रवाहाची मर्यादा अॅडॅप्टरच्या अँपिअरपेक्षा जास्त असावी. स्पिंडलऐवजी घरच्या विजेवर चालणारा ट्रिमर (लाकूड कोरण्याचे हातातले यंत्र) लावला असेल तर त्याचा पुरवठाही त्याच दाबात तुटला पाहिजे आणि ते वायरिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

याशिवाय एक मधला मार्ग आहे, जो फार थोडे लोक वापरतात. उनोवरील जीआरबीएलमध्ये ए० पिन रीसेटसाठी, ए१ होल्डसाठी आणि ए२ पुढे चालू करण्यासाठी राखलेली असते. पिन ग्राउंडला टेकली की आज्ञा लागू होते. उनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड नावाच्या बोर्डवर या जागा छापलेल्याही असतात. कीपॅडच्या पेटीतच एक वेगळे मोठे बटण बसवून त्याची धातूच्या जाळीचे आवरण असलेली तार थेट ए१ ला जोडली, तर होल्डपुरते संगणक आणि सेंडर दोन्ही वाटेतून बाहेर पडतात. लॅपटॉप अपडेटच्या चक्रात गुंतलेला असतानाही ते बटण चालते. वडिलांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे बटण आहे.

वीज जाण्याचा प्रसंगही इथेच सांगायला हवा. वीज गेली की २४ व्होल्टचा पुरवठा तुटतो आणि यंत्र थांबते, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो आणि कंट्रोलरला यूएसबीमधून वीज मिळत राहते. जीआरबीएलला काहीच कळलेले नसते; पडद्यावरचे आकडे धावत राहतात, यंत्र मात्र स्तब्ध. पाच मिनिटांनी वीज आली की स्पिंडल गरकन फिरते आणि बिट भलत्याच जागेवरून कापू लागतो. म्हणून पंखा थांबला की पहिले बोट होल्डवर, मग रीसेटवर, आणि लाल स्विच दाबून ठेवायचा. वीज परत आल्यावर नव्याने होमिंग करूनच पुढे जावे.

चाचणी कोणत्या क्रमाने

पहिल्या दिवशी कीपॅड सेंडरला जोडूच नये. कीबोर्ड तपासण्याच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बटण दोन्ही थरांत दाबून योग्य नाव उमटते का ते पाहावे. एका दाबाला दोनदा नोंद होत असेल तर स्विचचा संपर्क थरथरतो आहे. क्यूएमकेतील डिबाउन्सची मुदत मूळ ५ मिलिसेकंदांवरून दहापर्यंत वाढवली की ते बहुधा थांबते. कीपॅड अजिबात ओळखला जात नसेल तर सर्वांत आधी केबल बदलावी, कारण मोबाइलच्या डब्यातील पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

मग सेंडर कंट्रोलरला जोडावा, पण २४ व्होल्टचा अॅडॅप्टर बंद ठेवावा. जी गोष्ट वीज गेल्यावर घातक ठरते तीच इथे उपयोगी पडते: आकडे बदलतात, यंत्र हलत नाही. एक्स अधिक दाबल्यावर एक्सचाच आकडा, योग्य पावलाने, योग्य दिशेने बदलतो ना, हे निवांत बसून तपासता येते. हे संपल्यावर कंट्रोलर रीसेट करून मगच अॅडॅप्टर चालू करावा. तिसऱ्या टप्प्यात मोटरी चालू, पण बिट काढलेला आणि स्पिंडल बंद. चौथ्यात बिट लावून, शून्य तुकड्यापासून ३० मिलिमीटर उंचावर ठरवून, एखादी छोटी फाइल हवेत चालवावी आणि मध्येच होल्ड, पुढे चालू, पुन्हा होल्ड असे करून पाहावे. डोळे मिटून होल्डचे बटण सापडते का, हेही याच वेळी बघावे. लागोपाठ दहा वेळा सापडले नाही तर टोपीवरचा थेंब मोठा करावा.

तारा आणि धूळ

स्पिंडलच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरीच्या ठिणग्यांमुळे यूएसबी मधूनच तुटते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यात स्थिर विजेची भर पडते. व्हॅक्यूमच्या प्लॅस्टिक नळीतून एमडीएफचा भुसा वाहताना नळीवर एवढा भार साठतो की हात लावताच चटका बसतो. कीपॅडची आणि कंट्रोलरची केबल दीड मीटरच्या आत ठेवावी, दोन्हींना फेराइटची (विजेचा व्यत्यय अडवणारी) गोळी असावी आणि त्या स्पिंडलच्या तारेला समांतर नेऊ नयेत. दोन केबल एकाच हबमध्ये घालू नयेत. हब अडखळला तर कीपॅड आणि यंत्र दोन्ही एकदम जातात. नळीच्या आतून एक उघडी तांब्याची तार नेऊन ती अर्थला जोडली की चटके बंद होतात.

एमडीएफची धूळ स्विचच्या दांडीभोवती बसून बटण जड करते. सिलिकॉनचे तयार कव्हर मिळते, पण आमच्याकडे शेंगाचटणी ज्या जाड पारदर्शक झिपच्या पुडीत येते, तीत हा कीपॅड बरोबर मावतो. पुडी उलटी करून साबणाने नीट धुवावी, नाहीतर तेलाचा थर अक्षरांवर येतो आणि मुंग्या लागतात. केबलसाठी कोपरा कापून तिथे इन्सुलेशन टेप लावावी. दोनेक महिन्यांत पुडी धुरकट होते, तोवर पुढची चटणी संपलेली असतेच.